परतलेला माकूल आणि गुंडाळलेलं अंथरूण

गेल्या जूनमध्ये भाचीचा निरोप आला, "मावशी, आज आमच्या ऑफिसात एकाचा माकूल परतला." माकूल म्हणजे स्क्विड. मला वाटलं, हाँगकाँगच्या ऑफिसात जेवणाची चंगळ दिसते. मी तसं लिहिलं. तिचं उत्तर आलं, "नाही गं. त्याला नोकरीवरून काढलं. इथे असंच म्हणतात."

मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली बरीचशी गुहागरच्या आसपासच्या शाळांत गेली. शहरातून बदलून आलेल्या एका मुलाला 'सुंठीवाचून खोकला गेला' कळेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी मी वर्गात सुंठ नेली आणि सगळ्यांना चाखायला लावली. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' हे जातं न पाहिलेल्या मुलाला पाठ होतं, पण कळत नाही. वस्तू हातात आल्याशिवाय वाक्प्रचार अंगी लागत नाही, असं माझं पक्कं मत आहे. म्हणून त्या माकुलापाशी मी अडून राहिले. आपण नोकरीवरून काढताना 'नारळ देतो', कारण पाहुण्याला निरोप देताना नारळ द्यायची आपली रीत. त्यांच्या माकुलाचं काय? डिसेंबरात भाचीने बोलावलं आणि मी निघाले.

पहिला दिवस, १५ डिसेंबर

मुंबईहून सहा तासांच्या आसपासचा प्रवास. घड्याळ अडीच तास पुढे करायचं. भाची वानचाय भागात राहते. तिचं घर एवढं लहान की माझी गादी रात्री जमिनीवर घालायची आणि सकाळी गुंडाळून कपाटाच्या बाजूला उभी करायची. तिच्या घराजवळच्या गल्लीच्या पाटीवर मी थबकलेच : 'स्टोन नल्ला लेन'. नल्ला म्हणजे आपला नालाच. डोंगरावरून येणारं पाणी इथून दगडी नाल्यातून समुद्राला जायचं. तो नाला कधीच झाकून टाकला, पण इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलून आणलेला शब्द पाटीवर राहिला. गल्लीतच १९२० च्या दशकातली ती निळी चाळ आहे, जिच्या जतनाला २०१७ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला.

संध्याकाळी भाचीने मला कँटोनीजचे, म्हणजे इथल्या चिनी भाषेचे, आवाज शिकवले आणि मी चकित झाले. तिच्या कँटोनीजच्या वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांना जे महिनोन्‌महिने जमत नव्हतं, ते आपल्या बाराखडीत तयार आहे. क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे वेगळे ठेवायचे, एवढंच. त्यांचा च हा आपल्या चमच्यातला च, चिंचेतला नव्हे. आणि ङ! शाळेत ज्या अक्षरावरून मुलं नुसती घसरून जातात, ज्याने सुरू होणारा शब्द मी कधी फळ्यावर लिहू शकले नाही, ते अक्षर इथे दर वाक्याच्या सुरुवातीला बसलेलं. 'मी' म्हणजे 'ङो'. बैल म्हणजे 'ङाउ'. हल्लीची तरुण मुलं 'ङो' न म्हणता नुसतं 'ओ' म्हणतात आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना ते आवडत नाही, असं भाचीने सांगितलं. मला त्या वडीलधाऱ्यांबद्दल लगेच आपुलकी वाटली.

सूर मात्र अवघड. एकच 'सी' सहा सुरांत म्हटला की कविता, इतिहास, करून पाहणं, वेळ, बाजार आणि काम असे सहा शब्द होतात. मी झोपेपर्यंत म्हणत होते.

दुसरा दिवस

सकाळी 'छा छान थेंग' म्हणतात तशा उपाहारगृहात गेलो. आपल्याकडे इराण्याचं हॉटेल असायचं, त्याच जातीची ही जागा. चहा, लोण्याचा पाव, अंडी, नूडल्स, आणि टेबलावर अनोळखी माणूस समोर येऊन बसला तरी कोणी भुवई उंचावत नाही. इथला दुधाचा चहा कापडाच्या लांब गाळणीतून पुन्हा पुन्हा ओतून करतात. ती गाळणी चहाने रंगून पायमोज्यासारखी दिसते, म्हणून लोक त्याला रेशमी मोज्याचा चहा म्हणतात. तो करण्याची कला हाँगकाँगच्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत २०१७ पासून आहे.

मला मात्र चहापेक्षा वेटरच्या ओरडण्यात जास्त रस होता. भाचीचा एक सहकारी बरोबर आला होता. जन्माने इथलाच, आणि तिला बोलीभाषा शिकवणारा तोच. मला तो 'आंटी' म्हणत होता. वेटर जे जे ओरडेल ते तो भाचीला सांगे आणि भाची मला.

'चाउ' म्हणजे पळणं, निघून जाणं. 'चाउ पिंग' म्हणजे बर्फ नको, बर्फाला घालवा. बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी म्हणजे 'फेइ सा चाउ नाइ' : वाळू उडाली, दूध पळालं. इथली वाळू म्हणजे साखर. मूळ शब्दसमूह वादळाचा आहे, वाळू उडते आणि दगड धावतात असा, त्यात कोणीतरी दगडाच्या जागी दूध घालून ठेवलंय. घरी न्यायचं असेल तर 'हांग काइ', म्हणजे रस्त्याने फिरायला निघालेलं. आणि साध्या पांढऱ्या भाताला हाक मारतात 'लेंग चाइ', देखणा पोरगा! पांढऱ्या पेजेला देखणी पोरगी. मला हे फार भावलं. आपल्याकडे पेज गरिबीची, आजारपणाची. इथे कोणीतरी तिच्याकडे पाहून तिला सुंदर म्हटलं.

वेटरची चिठ्ठीही पाहिली. लिंबाच्या गार चहासाठी त्याने इंग्रजी 'सी', मग शून्य, मग 'टी' एवढंच लिहिलं. सी म्हणजे कोल्ड, टी म्हणजे चहा. मधलं शून्य का? कारण बोलीत शून्याचा आणि लिंबाच्या शब्दातल्या पहिल्या अक्षराचा उच्चार जवळजवळ एक होतो. घाईच्या वेळी एक अख्खं अवघड चिनी अक्षर वाचतं.

मग सहकाऱ्याने एक जुना पदार्थ सांगितला : 'वो-सोंग थिउ होइ'. भिक्षूची समुद्रात उडी. उकळत्या पाण्याच्या पेल्यात फोडलेलं कच्चं अंडं, वर साखर. गोल चकचकीत बलक म्हणजे भिक्षूचं मुंडण केलेलं डोकं. हल्ली फारसं कोणी मागवत नाही म्हणे. मी मागवलं असतं, पण तिथे नव्हतं.

निघताना दोन आभार शिकले. कोणी काम केलं, वाट दिली, चहा आणला तर 'म्-कोइ'. कोणी भेट दिली तर 'तो-चे'. दिवसभर मी दोन्ही उलटसुलट वापरले आणि लोकांनी सांभाळून घेतलं.

तिसरा दिवस

आज माकूल.

भाचीच्या शेजारी एक आजी एकट्या राहतात. त्यांना सगळे 'फो-फो' म्हणतात. आईच्या आईचं हे नाव, पण कोणत्याही म्हाताऱ्या बाईला चालतं. (वडिलांच्या आईला 'मा-मा' म्हणतात. हे ऐकून मी दोनदा विचारलं.) फो-फो तरुणपणी प्लॅस्टिकच्या फुलांच्या कारखान्यात होत्या. साठच्या दशकात हाँगकाँगची अर्धीअधिक घरं ही फुलं करत होती की काय, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं. त्यांनी मला दारातच विचारलं, "सिक् चो फान मेइ आ?" भात जेवलात का? भाची म्हणाली, हे 'कसं काय' आहे, उत्तर नुसतं 'हो' द्यायचं. मला समजावण्याची गरजच नव्हती. आमच्याकडे दुपारी अंगणात कोणी आलं तर दुसरं काय विचारतात?

तिघी मिळून बोरिंग्टन रोडच्या बाजारात गेलो. खाली मासळी, भाजी, मटण आणि वर जेवणाचे गाळे. मासळीच्या फळ्यांवर लाल छपरीचे दिवे, खाली पाणी, ओरडा. डोळे मिटले असते तर मी गुहागरच्या बाजारात असते. मी धीर करून म्हटलं, "ङो सोंग माइ", मला घ्यायचंय. कोळी हसला आणि हात पुढे करून उभा राहिला. घेणं आणि विकणं दोन्ही 'माइ'च. सूर खालून वर चढला तर घेणं, खालीच सपाट राहिला तर विकणं. मी त्याला म्हटलं होतं की मला विकायचंय. त्याने तीनदा माझ्याकडून बरोबर म्हणवून घेतलं, मगच माकूल दिला. असे शिक्षक मला आवडतात.

घरी आल्यावर फो-फोंनी माकूल चिरला, आतल्या अंगाला सुरीने तिरप्या उभ्याआडव्या रेघा दिल्या, 'वोक्' म्हणतात ती गोल बुडाची कढई लालभडक तापवली आणि तुकडे टाकले. "बघ," भाची म्हणाली. दहा मोजेपर्यंत प्रत्येक सपाट तुकडा कडांनी उचलला गेला आणि स्वतःभोवती गुंडाळून नळीसारखा झाला. मी घरी शेकडो वेळा माकूल केलाय. तो गोळा होतो हे मला ठाऊक होतं. पण मी तो कधी *पाहिला* नव्हता.

मग फो-फोंनी जे केलं ते मी विसरणार नाही. आच बंद करून त्या भाचीच्या खोलीत आल्या, कपाटाशेजारची माझी गादी जमिनीवर पसरली, आणि एका टोकापासून भरभर गुंडाळून काखेत मारली आणि दाराकडे चार पावलं टाकली. "छाउ याउ-यू," त्या म्हणाल्या. परतलेला माकूल.

भाचीने उलगडून सांगितलं. जुन्या काळी दुकानातला नोकर दुकानातच झोपे, अंथरूण घरून आणे. फो-फोंचे वडील शोंगवानला सुक्या मासळीच्या पेढीवर असेच राहत. मालकाने काढलं की तोंडाने काही बोलायची सोय नव्हती. अंथरूण गुंडाळायचं आणि निघायचं. 'अंथरूण गुंडाळ' हे बोलायला कडू, म्हणून लोक कढईतल्या माकुलाबद्दल बोलू लागले.

मी त्यांना सांगितलं की आम्हीसुद्धा 'बोऱ्याबिस्तर गुंडाळला' म्हणतो. बोऱ्या म्हणजे चटई. भाचीने भाषांतर केलं तेव्हा फो-फोंनी माझा दंड धरला. त्यांना तो शब्द म्हणायचा होता. कँटोनीजमध्ये ब नाही, र नाही. "पो-ल्या-पिस-ता," त्या म्हणाल्या आणि पुन्हा म्हणाल्या.

जेवताना कढईचाच विषय निघाला, कारण कढई समोर होती. 'ताइ वोक्', मोठी कढई, म्हणजे मोठं संकट. बातमी ऐकल्याबरोबर माणूस 'ताइ वोक्!' म्हणतो. दुसऱ्याच्या चुकीचा दोष आपल्या माथी आला तर 'मे वोक्', पाठीवर कढई वाहणं. झालेलं निस्तरायला गेलात तर 'पोउ वोक्', कढईला ठिगळ लावणं. मी म्हटलं, दोषाचं भांडं आमच्याकडेही आहे, फक्त ते मातीचं आहे आणि आम्ही ते दुसऱ्याच्या डोक्यावर फोडतो. खापर फोडण्यात आवाज आहे, एका क्षणात होतं. लोखंडी कढई पाठीवर घेतलेला माणूस मात्र चालतच राहतो. दोन्ही खरं आहे, कसा दोष आहे त्यावर.

दोष पत्करण्याचा आणखी एक शब्द आहे : 'सिक् सेइ माउ', मेलेलं मांजर खाणं. मांजर म्हणजे 'माउ'. आपल्या प्रत्येक तान्ह्या मुलाला हा एक कँटोनीज शब्द आधीच येतो.

चौथा दिवस

भाची कामावर. मी एकटी ट्रामने फिरले. ट्राम इथे १९०४ पासून आहे. आताच्या या दुमजली गाड्यांना लोक घंटेच्या आवाजावरून 'तिंग-तिंग' म्हणतात. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की शहर दोन्ही हातांनी बाजूला सारत चालल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी कॅनल रोडच्या उड्डाणपुलाखाली थांबले. तिथे म्हाताऱ्या बायका छोट्या स्टुलांवर बसून कागदी बाहुल्यांना चपलेने बडवतात. पैसे देऊन कोणीही आपल्या वैऱ्याला बडवून घ्यावं. 'ता सिउ यान' : लहान माणसाला मारणं. लहान म्हणजे क्षुद्र, हलका. मार्चच्या सुरुवातीला, मेघगर्जनेने किडे जागे होतात म्हणतात त्या दिवशी, इथे रांगा लागतात. बाई एका लयीत म्हणत होती, डोक्यापासून सुरू करून एकेक अवयव घेत, यमक जुळवत. मला शब्द कळले नाहीत, पण कडाकडा बोटं मोडून शिव्याशाप देणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. तो सूर ओळखीचा होता. रांगेत उभी असलेली एक तरुण मुलगी रडत होती. मी तिच्याकडे जास्त वेळ पाहिलं नाही.

पाचवा दिवस

लांताव बेटाच्या पश्चिम टोकाला थाय-ओ नावाचं कोळ्यांचं गाव आहे. मेट्रोने तुंगचुंगपर्यंत आणि पुढे ११ नंबरच्या बसने डोंगर चढून-उतरून गेलो. भाची, तिचा सहकारी आणि मी. घरं खाडीत खांबांवर उभी. भरती आली की घराखाली होडी. पूर्वी इथे मिठागरंही होती. बसमधून उतरताच वास आला, जवळ्याचा, सुकटीचा. इथे बारीक कोलंबी मिठात वाटून उन्हात मुरवतात आणि तिची चटणी करतात. बरोबरच्या पर्यटकांनी नाकाला रुमाल लावले. मी दोन वेळा खोल श्वास घेतला.

दुकानांसमोर खारवलेले मासे दोरीने टांगलेले. आमच्याकडे बोंबलांच्या वलांड्या असतात तसेच, फक्त मासे मोठे आणि डोक्याला कागद बांधलेले. सहकारी एका माशाखाली थांबून म्हणाला, "आंटी, या गावात आमची निम्मी भाषा टांगलेली आहे."

'हाम यू फान सांग' : खारवलेला मासा पुन्हा जिवंत झाला. संपला असं सगळ्यांनी धरलेला माणूस परत उभा राहतो तेव्हा म्हणतात. सुकलेल्या, उघड्या तोंडाच्या त्या माशाकडे पाहिल्यावरच कळतं की ही केवढी अशक्य गोष्ट ते बोलताहेत.

'सिक् ताक् हाम यू, ताइ ताक् होत्' : खारा मासा खायचा तर तहान सोसायची. मी चटकन म्हटलं, 'खाई त्याला खवखवे!' म्हटल्यावर मात्र वाटलं, चूक. आमची म्हण खाऊन झाल्यावरची आहे. सुरण चोरून खाल्लेल्याचा घसा खवखवतो, मनात अपराध असतो. त्यांच्या म्हणीत चोरी नाही. मासा उघडपणे, आवडीने खायचा आणि तहानेबद्दल तक्रार करायची नाही. अवघड नोकरी पत्करणाऱ्याला, लांब देशात लग्न करून जाणाऱ्या मुलीला हे सांगता येतं. 'खाई त्याला खवखवे' सांगता येत नाही. हे असं पहिल्या झटक्यात जोडी लावणं हा म्हणी गोळा करणाऱ्याचा सर्वात मोठा धोका आहे. वर्गात मुलं समानार्थी म्हणींच्या जोड्या पाठ करतात, आणि मीच त्या वर्षानुवर्षं पाठ करून घेतल्या. आता तशा घेतल्या नसत्या.

पुढे एक मात्र जोडी मिळाली, आणि ती म्हणीची नाही, जगण्याची. एका खांबांच्या घराच्या सज्जात लाकडं रचलेली होती. 'होउ थिन साउ माइ लोक् यू छाइ', सहकारी म्हणाला. ऊन असताना पावसाची लाकडं भरून ठेव. मे महिन्यात आमच्या घरी आगोटीची बेगमी चालते. लाकूडफाटा पडवीत, सुकी मासळी डब्यात, मिरच्या, कुळीथ, आमसुलं. आमच्याकडे त्याला म्हण नाही, कारण आम्ही ते करतोच. मी हे सांगत होते तेव्हा तो खरोखर ऐकत होता, मध्येच भाचीला थांबवून एकेक शब्द विचारत होता. आगोट शब्द त्याने लिहून घेतला, देवनागरीत, भाचीने हात धरून.

होडीतून खाडीत फिरलो. नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, बसू की मागे, याबद्दल माझी चलबिचल चालली होती. मागे पाणी उडत होतं, पुढे वारा होता. होडीवाल्या बाई काहीतरी म्हणाल्या आणि होडीतले सगळे हसले. 'स्युन थाउ केंग क्वाइ, स्युन मेइ केंग छाक्'. नाळेवर भुताची भीती, मागच्या टोकाला चोराची भीती. मी मध्ये बसले.

उतरताना पुन्हा बाई मला काही म्हणाल्या. तीन दिवस जास्त थांबा, असं. मी परतीचं तिकीट सांगितलं तर मान हलवून म्हणाल्या, 'चाम मोउ लोंग थाउ लेइ'. सुई दोन्ही टोकांना तीक्ष्ण नसते. घरीही असावं आणि इथेही असावं, असं होत नाही. एका टोकाला दोरा ओवायचं भोक हवंच ना. मी बसमध्ये सबंध रस्ताभर ही सुई मनात फिरवत होते. पुढच्या बाकावर ती दोघं बोलत होती.

सहावा दिवस

फो-फोंबरोबर शोंगवान. सुक्या मासळीच्या दुकानांचा अख्खा रस्ता. त्यांनी एका बंद शटरपाशी थांबून वर बोट दाखवलं. वडिलांचं अंथरूण पोटमाळ्यावर असे. बाकी काही बोलल्या नाहीत.

तिथून वरच्या अंगाला जुन्या वस्तूंची एक गल्ली आहे, अप्पर लास्कर रो. लास्कर हा जहाजावरच्या हिंदी खलाशाला दिलेला शब्द, मूळ फारसी लष्कर. रत्नागिरी जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं जहाजांवर खलाशी म्हणून गेली. आमच्या गावाशेजारच्या मोहल्ल्यात प्रत्येक घरात एक तरी आगबोटीवरचा आजोबा होता. त्यांच्यापैकी कोणी या गल्लीत उतरलं असेल का, कोण सांगणार. गल्लीचं चिनी नाव 'मो-लो' या शब्दावरून आहे. तो हिंदी माणसांसाठी वापरत आणि आता तो अपमानाचा समजला जातो. फो-फो नाव सांगताना माझ्याकडे पाहून अडखळल्या. मी त्यांचा हात दाबला. सगळेच बोलीतले शब्द प्रेमाने घडलेले नसतात, आणि शिकायचे तर हेही शिकायला हवेत.

खाली येताना एका वाहनतळाच्या काउंटरवर पाटी दिसली : 'श्रॉफ'. पैसे इथे भरा. आपला सराफ! सोन्याचांदीच्या पेढीवरून उठून इथे मोटारी सोडवायला बसलेला.

संध्याकाळी स्टार फेरीच्या बोटीने बंदराच्या पलीकडे गेलो. दोराबजी नौरोजी या पारशी गृहस्थांनी १८८८ साली या फेरीची कंपनी काढली होती. पलीकडे चहा घेतला आणि बिलाच्या वेळी फो-फोंनी एक वाक्य अर्धंच म्हटलं : 'छिउ चाउ याम ङोक्', चीनमधल्या छिउचाउ भागाचं संगीत. दुसरा अर्धा भाग न बोलता समजून घ्यायचा. छिउचाउकडच्या वाद्यांचा आवाज त्यांच्या कानाला 'ची केइ कू ची केइ' असा येतो, म्हणजे ज्याचं त्याने पाहावं. ज्याचं बिल त्याने द्यावं. अशी अर्ध्यावर सोडलेली वाक्यं कँटोनीजमध्ये भरपूर आहेत. आपण 'अंगण वाकडं' एवढंच म्हणतो आणि नाचता न येणारी समोर उभी राहते, तसं. अर्थात, तेवढं म्हणून बिल फो-फोंनीच दिलं.

सातवा दिवस, २१ डिसेंबर

आज 'तुंग चि', हिवाळ्यातला सर्वात लहान दिवस. 'तुंग ताइ क्वो निन' म्हणतात, हा सण नववर्षाहून मोठा. पुष्कळ ऑफिसं लवकर सुटली. मेट्रो भरभरून लोक घरी निघालेले. फो-फोंचा मुलगा परदेशात असतो, म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं होतं.

मी दुपारपासून त्यांच्या स्वयंपाकघरात. तांदळाच्या चिकट पिठाच्या गोळ्या वळायच्या, आत काळ्या तिळाचं सारण. 'थोंग यून'. यून म्हणजे गोल, आणि गोल म्हणजे सगळे एकत्र, कोणी कमी नाही. उकडीची पारी वळण्याची सवय असल्याने माझे हात आपोआप चालले. फो-फोंनी दोन-तीन गोळ्या उलटसुलट करून पाहिल्या आणि पुढचं सगळं पीठ माझ्याकडे सरकवलं. मी पाणी जास्त तापवत होते तेव्हा म्हणाल्या, 'ङो सिक् यिम तो क्वो नेइ सिक् माइ'. तू खाल्लेल्या तांदळापेक्षा मी खाल्लेलं मीठ जास्त आहे. आम्ही पावसाळे मोजतो, त्या मीठ मोजतात. आच कमी केली.

जेवताना फो-फोंनी भाचीकडे हनुवटी करून मला विचारलं, थाय-ओला तिसरं कोण होतं? भाचीने सांगितलं, ऑफिसातला एक. फो-फो माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तिन तांग ताम." भाची लाल झाली आणि भाषांतर करायला तयार होईना. मी फोनवर शोधू लागले तर तिने फोन काढून घेतला. शेवटी फो-फोंनी वरच्या दिव्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. विजेचा बल्ब. दोघांच्या मध्ये उगाच पेटून बसलेला. यालाही अर्धवट सोडलेला दुसरा भाग आहे : हवा आत जाऊ देत नाही, म्हणजे ज्याला काही कळत नाही.

मी भाचीला विचारलं, "बाय, खरंच?" तिने ताटात पाहिलं. मी आणखी काही विचारणार तोच फो-फोंनी माझ्या वाटीत दोन गोळ्या घातल्या. "वाक् कुंग-चाइ म्-साइ वाक् छोत् छोंग." बाहुला काढायचा तर त्याची आतडी काढायची गरज नाही.

मी गोळ्या खाल्ल्या. तीळ आणि गूळसाखर, बाहेर गरम गोड पाणी, त्यात आल्याचा तिखटपणा. भाचीचा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा ती उठून गॅलरीत गेली.

आठवा दिवस

विमान सकाळचं. अंधारातच उठले, गादी गुंडाळली आणि दोरीने बांधली, म्हणजे भाचीला ती वर ठेवता येईल. दार उघडं होतं. फो-फो कोट घालून उभ्या, हातात वर्तमानपत्रात बांधलेलं सुकं माकूल, माझ्या घरासाठी. त्यांची नजर गादीवर गेली.

"छाउ याउ-यू," त्या म्हणाल्या.

"बोऱ्याबिस्तर," मी म्हटलं.

"पो-ल्या-पिस-ता." मग त्यांनी पुडकं माझ्या हातात दिलं. भेट होती, म्हणून मी 'तो-चे' म्हटलं. खाली भाचीचा सहकारी बॅग घ्यायला आला होता.